तुआसचा मुलगा बघायला आम्ही बसने गेलो

सिंगापूरहून परत येऊन महिना झाला, तरी संगमनेरात जो भेटतो तो हेच विचारतो, "काय काय पाहिलंत?" पक्ष्यांची बाग पाहिली, ऑर्किडची बाग पाहिली, तोंडातून पाणी टाकणारा सिंह पाहिला. फोटो आहेत, घरी या, दाखवीन. पण ज्यांना पुढे-मागे जायचं आहे त्यांच्या उपयोगी पडेल असं मला एकच सांगता येईल, आणि ते फोटोत आलेलं नाही. तिथल्या गाड्यांतून आपल्या नवऱ्याबरोबर फिरू नका.

निदान माझ्या नवऱ्यासारख्या नवऱ्याबरोबर तरी नकाच. हे एसटीच्या चौकशी खिडकीत तीस वर्षं बसले. कोपरगाव किती वाजता, नाशिक कुठल्या फलाटाला, अकोल्याची शेवटची गाडी गेली की आहे, सगळं तोंडपाठ. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजूनही बाजारात कोणी "अहो, जरा सांगता का" म्हटलं की ह्यांची मान आपोआप वर होते. अशा माणसाला रस्त्यात थांबून दुसऱ्याला काही विचारणं जमत नाही. "तीस वर्षं लोकांनी मला विचारलं. आता मी कोणाला विचारू?" हे वाक्य मी त्या तीन आठवड्यांत इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन.

जुरोंग ईस्ट

आमची मुलगी केतकी जुरोंग ईस्टला राहते. ती आणि जावई दोघेही बँकेत, सकाळी सातला घराबाहेर. नात ईरा नऊ वर्षांची. तिच्याशी मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. कॉन्डो म्हणजे खाली पोहण्याचा तलाव असलेली इमारत. त्या तलावात कोणी पोहताना दिसलं नाही, पण तो रोज कोणीतरी स्वच्छ करून जायचं.

पहिल्याच दिवशी केतकीने आमच्या हातात गाडीची कार्डं ठेवली. तिथे तिकीट नाही, कंडक्टर नाही. फाटकाशी कार्ड टेकवायचं की दार उघडतं. हे म्हणाले, दोघांना दोन कार्डं कशाला, आपण कायम बरोबरच असतो. माझं कार्ड घरीच ठेवलं. मग एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनावर स्वतः कार्ड टेकवून आत गेले आणि फाटकावरून हात लांब करून तेच कार्ड माझ्या हातात दिलं. मी टेकवलं. फाटकाने लाल दिवा लावला आणि किंचाळायला सुरुवात केली. मागे माणसांची रांग. एकही माणूस काही बोलला नाही, सगळे नुसते बघत होते, आणि ते जास्त लागलं. आपल्याकडे निदान कोणीतरी "अहो काकू, सरका की" म्हणून मोकळं झालं असतं. शेवटी काचेच्या खोलीतून एक माणूस आला. "अंकल, वन पर्सन वन कार्ड, ओके?" हे आतल्या बाजूने मला म्हणाले, "मला माहीत होतं. मी बघत होतो चालतं का."

संध्याकाळी ईराने ते ऐकलं आणि सोफ्यावर लोळून हसली. "आबा, कॅनॉट लाह!" म्हणजे, हे चालायचं नाही. पुढचे आठ दिवस ह्यांनी काहीही करायला घेतलं की ती हेच म्हणायची. मला त्या पोरीचा आधार वाटायला लागला.

माझ्या गळ्यात आलेलं काम

आता मुख्य गोष्ट. माझा भाऊ नाना, त्याची मुलगी मंजिरी. वय अठ्ठावीस. तिने मैत्रिणीबरोबर गावात स्वतःची पॅथॉलॉजी लॅब काढलीय, चांगली चाललीय. चार स्थळं तिने नाकारली. पाचवं आलं ते कोपरगावच्या अमोलचं. इंजिनियर, सिंगापूरला तुआसमध्ये जहाजांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत. परदेशातल्या मुलांनी कशी फसवणूक केली, याच्या बातम्या तेव्हा दिवसाआड पेपरात यायच्या. नाना त्या कापून ठेवायचा. आम्ही जाणार म्हटल्यावर त्याने मला बजावलं, "नुसता मुलगा बघू नकोस. कंपनी बघ. गेट बघ, पाटी बघ, त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र बघ." आणि मंजिरी? ती म्हणाली, "आत्या बघून येईल. ती म्हणेल ते मी ऐकेन." एवढं बोलून लॅबमध्ये निघून गेली. झालं. पोरीचं अख्खं आयुष्य माझ्या जिभेवर येऊन बसलं. विमानात मला त्याने झोप लागली नाही.

मुलाला आम्ही बघायला येतोय हे सांगायचं नाही, असं त्याच्या आईचं आणि नानाचं ठरलं. सांगितलं तर तो शर्ट खोचून, भांग पाडून बसेल, मग खरा कसा कळणार? म्हणून त्याच्या आईने मेतकुटाचा डबा माझ्याकडे दिला. निमित्त मेतकुटाचं.

पण हा मुलगा सापडायलाच तयार नाही. रोज रात्री उशिरापर्यंत काम, रविवारीही जहाज. शेवटी फोनवर म्हणाला, "काकू, शनिवारी पहाटे मी दोन महिन्यांसाठी कामाला बाटाम बेटावर चाललोय. शुक्रवारी दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी असते, तेव्हा गेटवर याल का?" आमचं विमान रविवारी. म्हणजे शुक्रवार दुपार एक ते दोन, एवढाच काय तो मुहूर्त. हुकला तर नानाला काय सांगणार आणि मंजिरीला काय?

केतकीने सरळ सांगितलं, "टॅक्सीने जा." हे म्हणाले, "तीस वर्षं वाहतुकीत काढली आणि टॅक्सीने जाऊ?" त्यांनी नकाशा आणला, लाल पेन आणलं, डायरी आणली. गुरुवारी संध्याकाळभर डायनिंग टेबलावर ते पंचांग बघावं तसे नकाशा बघत होते. मी एकदाच म्हटलं, केतकीला विचारा की. तर माझ्याकडे असं बघितलं की मी भाजी निवडायला निघून गेले.

शुक्रवार

दहाला निघालो. जुरोंग ईस्टहून गाडीने बून ले, तिथून बस. "तीन स्टेशनं," हे म्हणाले. "चौथं नाही, दुसरं नाही." गाडी उभी होती, दारं उघडी होती, आत शिरलो. आत शांतता. निम्मी माणसं झोपलेली, उरलेली फोनमध्ये. एका मुलीने ह्यांना बघून जागा दिली, तर ह्यांना राग आला. "मी म्हातारा दिसतो का?" उभेच राहिले. मी बसले. मी दिसते म्हातारी, माझी काही हरकत नाही.

गाडीतली बाई दर स्टेशनाचं नाव सांगत होती. पहिलं नाव ऐकून मी म्हटलं, "अहो, हे तुमच्या नकाशात होतं का?" म्हणाले, "ती दुसऱ्या लाइनचं सांगते." आता गाडीतली बाई दुसऱ्या लाइनचं कशाला सांगेल? पण मी गप्प बसले, ती माझी चूक. तिसऱ्या स्टेशनावर उतरलो. पाटी वाचली: चोआ चू कांग. जुरोंग ईस्टला दोन दिशांच्या गाड्या लागतात आणि दोन्हीकडे तिसऱ्या स्टेशनावर उतरता येतं. आम्ही बरोब्बर मोजून चुकीच्या ठिकाणी उतरलो होतो. गंमत म्हणजे अमोल राहतो तो चोआ चू कांगलाच, तिघांबरोबर एका फ्लॅटमध्ये. त्याच्या दाराशी आम्ही पोचलो होतो आणि तो पार दुसऱ्या टोकाला कामावर होता.

पुन्हा जुरोंग ईस्ट, तिथून बून ले. साडेअकरा वाजले. माझं डोकं चढलं होतं, म्हटलं आधी चहा. बस स्थानकाशेजारी खाण्याच्या टपऱ्यांचं मोठं आवार आहे, त्याला हॉकर सेंटर म्हणतात. एका टेबलावर कोणी नव्हतं, कागदी रुमालांचं एक पाकीट तेवढं पडलेलं. कोणीतरी विसरून गेलं असेल म्हणून मी ते उघडलं, घाम पुसला, नाक शिंकरलं. तेवढ्यात ताटली घेऊन एक मुलगी समोर येऊन उभी. "आंटी, आय चोप ऑलरेडी." मला काही कळेना. मग शेजारच्या टेबलावरच्या तमिळ बाईने हिंदीत समजावलं: पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली. म्हणजे आपण खिडकीतून रुमाल टाकतो तेच की! ते रुमाल टाकणाऱ्यांशी ह्यांनी तीस वर्षं भांडण केलं. आता ह्यांच्याच बायकोने दुसऱ्याच्या रुमालाने नाक पुसलं होतं. उठलो. चहा उभ्याने प्यायलो, तोही प्लास्टिकच्या पिशवीतून, वरून दोरी बांधलेला, आत नळी. एवढा गोड की दात शिवशिवले. बसमध्ये तो न्यायचा नाही, प्यायला तर दंड. म्हणून तोंड भाजत संपवला.

तुआसला जाणाऱ्या दोन बस होत्या. नंबरात एकाच आकड्याचा फरक. पत्ता तुआस साउथ अॅव्हेन्यूचा होता. ह्यांच्या डायरीत नुसतं तुआस अॅव्हेन्यू. "साउथ म्हणजे दक्षिण," हे म्हणाले. "ती दिशा झाली, ती उतरल्यावर बघायची." रांगेत आमच्या मागेपुढे वीस माणसं उभी होती, सगळी रोज तुआसला जाणारी, गळ्यात कंपन्यांची ओळखपत्रं. एका शब्दाचं काम होतं. मी तोंड उघडलं तर ह्यांनी माझा दंड दाबला. आणि मीही ऐकलं! चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. आम्ही चुकीच्या बसमध्ये चढलो.

तुआस

तुआससारखी जागा मी आधी पाहिली नव्हती. सरळ रस्ते, सरळ भिंती, भिंतीआड कारखाने, प्रत्येक गेट दुसऱ्यासारखं. झाडं आहेत, पण सावलीला नाहीत. लॉऱ्या जातात, मागे हौद्यात कामगार बसलेले. पायी चालणारा एक माणूस दिसेल तर शपथ. साडेबाराला त्या रस्त्यावर उतरलो तेव्हा अंगावर लोखंडाच्या भट्टीचा झोत आल्यासारखं झालं. हव्या त्या नंबरच्या गेटवर गेलो, तर तिथे बिस्किटांचं गोदाम. पहारेकऱ्याने पत्ता वाचून मान हलवली. "दिस वन तुआस साउथ. नॉट हिअर. व्हेरी फार." आणि हाताने समुद्राच्या बाजूला कुठेतरी दाखवलं.

"आता बोला," मी म्हटलं.

"परत बसने जायचं," हे म्हणाले. "स्टॉप समोरच आहे."

स्टॉपवर उभे राहिलो. बस आली आणि गेली. थांबलीच नाही. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलंसुद्धा. वीस मिनिटांनी दुसरी आली, तीही गेली. हे लालबुंद. पुढे मला कळलं की तिथे स्टॉपवर उभं राहून भागत नाही, हात करावा लागतो. पण समजा कोणी आधी सांगितलं असतं, तरी ह्यांनी हात केला नसता. आमच्याकडे 'हात दाखवा, गाडी थांबवा' सुरू झालं तेव्हापासून ह्यांचा त्या प्रकारावर राग आहे. थांबा कशासाठी असतो मग, असं ते ज्याला त्याला सांगत फिरायचे. आणि इथे तेच ह्यांच्या वाट्याला आलं होतं.

एक वाजून गेला होता. माझ्या पिशवीत मेतकुटाचा डबा, डोळ्यांपुढे मंजिरी. मला रडूच आलं. रागाने आलं की उन्हाने, सांगता येत नाही. ह्यांच्यावर मी आयुष्यात ओरडले नव्हते एवढी ओरडले. "तुमच्या त्या खिडकीपायी पोरीचं लग्न घालवाल तुम्ही!" मी केतकीने दिलेला फोन काढला. हे हळूच म्हणाले, "मुलाला काय वाटेल?" मी फोन लावला.

"काकू, कुठे आहात?"

"मला माहीत नाही रे बाबा."

"स्टॉपच्या खांबावर एक नंबर असतो, तो सांगा."

मी सांगितला. मग तो म्हणाला, "मलाही माहीत नाही हे कुठे आलं. तीन वर्षं झाली, पण मी कंपनीच्या बसनेच येतो-जातो. थांबा हं, विचारतो." आणि फोन कानाशी असतानाच तो तिकडे कोणाला तरी विचारताना मला ऐकू आला. पहिल्याला माहीत नव्हतं. त्याने दुसऱ्याला विचारलं. दुसरा चिनी भाषेत काही तरी बडबडला, मग तिसऱ्याला. मी उन्हात उभी राहून ते ऐकत होते. मग तो म्हणाला, "काकू, समजलं. समोर बिस्किटांचं गोदाम आहे ना? त्या पहारेकऱ्याकडे सावलीत बसा, पाणी मागा. मी येतो."

"अरे, तुझं जेवण?"

"येतो म्हटलं ना."

पाऊण तासाने आला. एका लॉरीतून उतरला. निळा कामाचा अंगरखा, त्यावर तेलाचे डाग, काखेत टोपी, केस घामाने चिकटलेले. हातात पाण्याच्या दोन बाटल्या. शर्ट खोचून बसेल अशी भीती घालणाऱ्या नानाने त्याला बघायला हवं होतं. आधी ह्यांच्या हातात बाटली दिली, मग वाकून नमस्कार केला. "इकडे येणारी लॉरी मिळाली. जायचं कसं ते आता विचारू."

आणि त्याने विचारलं. स्टॉपवर एक सफाईकाम करणारी चिनी म्हातारी येऊन बसली होती. तिच्याशी तो हातवारे करून बोलला, तिने दोन बोटं दाखवली, म्हणजे दुसरी येईल ती बस. बस आल्यावर त्याने हात केला, बस थांबली. चढताना ड्रायव्हरला म्हणाला, "अंकल, आय डोन्ट नो द प्लेस. यू टेल मी, कॅन?" ड्रायव्हर म्हणाला, "कॅन." बस! एवढंच होतं. हे खिडकीशी बसून बाहेर बघत होते.

मधेच त्याने साहेबांना फोन केला, आपण उशिरा येतोय, घरची माणसं रस्ता चुकली होती, असं सांगितलं. पलीकडचा आवाज चढलेला होता. त्याने कारण बदललं नाही, माफी मागितली आणि फोन ठेवला.

गेट बघितलं. पाटी बघितली. ओळखपत्रही बघितलं, फोटोत तो जरा बारीक दिसतो. नानाची यादी संपली. गेटसमोरच्या टपरीवर त्याने उभ्यानेच भात गिळायला सुरुवात केली. मी डबा पुढे केला.

तो डब्याकडे बघत म्हणाला, "काकू, हे तर चोआ चू कांगला माझ्या रूममेटकडे ठेवता आलं असतं. तुम्ही मला बघायला आलात ना?"

मी खोटं बोलू शकले असते. पण त्या उन्हानंतर अंगात त्राण नव्हतं. "हो," म्हटलं. "माझी भाची आहे. मंजिरी."

"आई लॅबवाल्या मुलीबद्दल बोलली होती. त्याच का?" मग चमचा खाली ठेवून त्याने विचारलं, "त्यांना इकडे यायचंय का?"

"म्हणजे?"

"म्हणजे, मी इथे चार-पाच वर्षं तरी आहे. त्यांची लॅब तिकडे. बंद करावी लागेल. त्यांना विचारलं का कोणी?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे. नानाने बातम्या कापल्या होत्या, त्याच्या आईने मेतकूट कुटलं होतं, मी तीन आठवडे झोप घालवली होती. मंजिरीला हे विचारायचं कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला लाज वाटली. मी खरं तेच सांगितलं, "नाही विचारलं."

"मग आधी विचारा काकू," तो म्हणाला. चिडून नाही, साधंच. "तुम्हाला मी आवडलो की नाही, ते नंतर." आतून कोणीतरी त्याला हाक मारली. तो डबा काखेत मारून गेटातून आत पळाला.

परतीच्या वाटेवर ह्यांनी पुन्हा नकाशा काढला. मी तो हातातून घेतला, घडी केली आणि माझ्या पिशवीत टाकला. बून लेपर्यंत तीन जणांना विचारलं, मी. तिघांनीही नीट सांगितलं.

संध्याकाळी केतकीच्या घरून संगमनेरला फोन लावला. नानानेच उचलला. "गेट होतं? पाटी होती?" सगळं होतं म्हटलं, मंजिरीला दे.

"बोल आत्या," ती म्हणाली. आवाज असा, की निकाल ऐकायला आलीय.

"मंजू, त्याने विचारलंय की तुला इकडे यायचंय का. लॅब सोडून."

पलीकडे नाना मागून "काय म्हणते, काय म्हणते" करत होता.

"आत्या, हे त्याने विचारलं?"

"त्यानेच. आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही."

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही. उत्तर मला कुठे माहीत होतं?"

तिने नानाला "बाबा, जरा बाहेर थांबा" म्हटलेलं ऐकू आलं, दार लावल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "नंबर दे त्याचा. मी बोलते."